उन्हातली संकष्टी

“आमच्या ताईनं पस्तीस वर्षं संकष्टी धरली. चंद्राला हात जोडल्याशिवाय कधी उपास सोडला नाही. आणि या दाजींनी तिला परदेशात नेऊन भर उन्हात जेवायला बसवलं. का, तर यांच्या कार्डावर सहा एक्कावन्न लिहिलेलं! बटाट्याची भाजी गार होईल ना यांची!”

हे विधान माझी मेहुणी शकुंतला हिचे आहे. ती देवळाली कॅम्पात राहते, महिन्यातून एकदा बसने माझ्याकडे येते, येताना माझ्यासाठी काही ना काही घेऊन येते आणि जाताना माझी अब्रू घेऊन जाते. तिच्या म्हणण्यात तीन आरोप आहेत. मी कंजूष आहे, हा पहिला. माझ्या वेळापत्रकापुढे मला पत्नी कुसुमचे व्रत क्षुल्लक वाटले, हा दुसरा. आणि तिसरा ती उघड बोलत नाही, केवळ सुस्कारा टाकून सुचवते : कुसुम तिकडे पंधरा दिवस घराच्या आठवणीने झुरत राहिली. पहिल्या दोन आरोपांचे मला काही वाटत नाही. तसले मी कारखान्यात पुष्कळ पचवले आहेत. तिसऱ्याने मात्र माझी झोप उडवली आहे. कारण ती झुरत असेल, तर माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर पंधरा दिवस माझे एकट्याचेच होते, असा त्याचा अर्थ होतो.

शकूने हे सारे गेल्या रविवारी माझ्या नातीसमोर पुन्हा ऐकवले. सई जूनमध्ये नवऱ्याबरोबर, आम्ही गेलो होतो त्याच परदेशातल्या डोंगरांकडे निघाली आहे. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणार, स्वतः रांधून खाणार. “आजोबा, तुमची ती जेवणाची कार्डं अजून आहेत का हो?” असे तिने विचारले, तेव्हा मी खुर्चीतून जवळजवळ उडालोच. माझी कार्डे कुणी मागावीत अशी वेळ फार वर्षांनी आली होती. मी कपाटातून पत्र्याचा डबा काढून बाहेर येईपर्यंत शकूने आपले कीर्तन लावले होते. सईने डब्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत मघाची उत्सुकता उरली नव्हती. जणू तिच्या आजीला बांधून ठेवलेली दोरीच मी काढून आणली होती.

त्या दुपारी शकूच्या शेवटच्या वाक्याला मी उत्तर दिले नाही. गप्प बसणे हा माझा स्वभाव नाही, त्यामुळे मी हरलो असे सर्वांनी धरून चालले. मी गप्प बसलो त्याला वेगळे कारण होते. ते यथाक्रम येईल.

सध्या वैशाख आहे. आमच्या कॉलनीतल्या गच्च्यांवर पुन्हा जुन्या साड्या अंथरल्या गेल्या आहेत. सकाळी दहाच्या उन्हात बाजरीच्या खारोड्यांचा तो आंबूस, तिखट वास जिन्यातून खाली उतरतो आणि माझ्या दारापाशी येऊन थांबतो. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया उलटताना मोजत असते. मोजणी मध्येच चुकते, हसू फुटते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गिरणीत या दिवसांत भाजणी दळायला येते, आणि तिच्यामागून दळलेल्या गव्हालाही धन्याजिऱ्याचा वास लागतो. माझ्याकडे आता वाळत घालण्यासारखे काही नाही. तरी मी रोज एकदा गच्चीवर जातो. लोकांना वाटते, आजोबा टाकीचे पाणी बघायला आले.

चार वर्षांपूर्वीचा, त्या प्रवासाआधीचा वैशाख आमच्या गच्चीवर असा होता की पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळ कांद्याच्या चकत्या, मेथी, गवार, लसणाच्या पाकळ्या, सांडगे. मी मोडक्या छत्रीच्या सावलीत पाट टाकून पाखरे हाकीत बसायचो आणि मांडीवरच्या वहीत आकडे लिहायचो. कुसुम वर यायची, एक चकती उचलून कानाशी धरून मोडायची. कट् असा आवाज आला की ती वाळली. “हिचा आवाज ओला आहे अजून,” असे म्हणून ती पुढची उचलायची. मी चाळीस वर्षे मायक्रोमीटर वापरला. इतके सोपे मापयंत्र माझ्या हाती कधी आले नाही.

परदेशाची हौस माझी, असेही शकू म्हणते. खोटे आहे. सातपूरला आमच्या कारखान्यात परदेशी यंत्रे यायची आणि त्यांच्याबरोबर भिंतीवरची चित्रे यायची. त्यांतले एक मी घरी आणले : हिरवा उतार, लाकडी घर, निळ्या खिडक्या, मागे बर्फ. त्याच्या मागचा कागद कोरा होता, तो हिशेबाला होईल म्हणून मी आणले, हे मी लपवीत नाही. पण कुसुमने ते स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या खिळ्याला अडकवले आणि कोऱ्या बाजूला मला हात लावू दिला नाही. सव्वीस वर्षे ते चित्र तिथे होते. फोडणीच्या धुराने बर्फ पिवळा पडला. तव्यावर पोळी टाकली की ती मान वर करून त्या खिडक्यांकडे बघायची आणि पोळी फुगली की मान खाली घालायची. तिने कधी “मला न्या” असे म्हटले नाही. म्हणजे हौस माझी, असे ज्यांना वाटते, त्यांनी आपली बायको तव्यापाशी उभी असताना कुठे बघते, ते एकदा पाहावे.

आता कंजूषपणाविषयी. निवृत्त माणसाला जितके दिवस हॉटेलात जेवून परवडतात, त्याच्या चौपट दिवस रांधून खाल्ल्याने परवडतात. मी पैसे वाचवले नाहीत. मी दिवस वाढवले. प्रवासी कंपनीबरोबर गेलेले माझे मित्र सहा दिवसांत पाच शहरे पाहून आले आणि त्यांना आठवतात त्या बसच्या खिडक्या. आम्ही एका गावात, एका घरात, पंधरा दिवस राहिलो.

कारखान्यात मी नियोजन विभागात होतो. तिथे प्रत्येक नगाबरोबर एक कार्ड फिरते : आधी कुठले यंत्र, मग कुठले, किती वेळ, कुणाचा हात. तशीच कार्डे मी जेवणांची केली. एका जेवणाला एक कार्ड. वर तारीख आणि तिथी, डावीकडे घरून न्यायच्या वस्तू, उजवीकडे तिकडे घ्यायच्या, खाली क्रम. घरून न्यायचे ते हलके आणि कोरडे : वाळवलेल्या भाज्या, भाजणी, काळा मसाला, मेतकूट, भाजलेला रवा, शेंगदाण्याची चटणी. तिकडे घ्यायचे ते जड आणि स्वस्त : बटाटा, कोबी, गाजर, तांदूळ. तूप न्यायला बंदी, म्हणून तिकडे लोणी घेऊन कढवायचे. पहिल्या दिवसाची उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी थालीपिठात, तिसऱ्या दिवसाचा भात चौथ्या दिवशी फोडणीला. कुसुमने सारी कार्डे पत्त्यांसारखी हातात धरली.

“अहो, यात एक राहिलंय.”

“काय राहिलंय? दोनदा तपासलंय मी.”

“भूक नसली तर काय करायचं, ते लिहा ना.”

मी रागावलो. ती हसत खाली गेली. पण त्या पंधरा दिवसांच्या मध्ये येणारी संकष्टी मी कार्डावर घेतली होती, हे तिने पाहिले होते. दुपारी साबुदाणा. संध्याकाळी बटाट्याची भाजी, पोळ्या, वरण, भात आणि नैवेद्याला खोबरे-गुळाचे पाच तळणीचे मोदक. वेळेच्या रकान्यात मी लिहिले : चंद्रोदयानंतर. आकडा लिहिला नाही. कारण तिथला चंद्र किती वाजता उगवतो, ते मला ठाऊक नव्हते, आणि जे मला ठाऊक नसते, ते मी लिहीत नाही.

ते स्वयंपाकघर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. लांबट, लाकडी, खिडकीशी टेबल, टेबलाला दोनच खुर्च्या. पहिल्या सकाळी मी लोणी कढवायला ठेवले आणि बेरी तांबूस होताना जो वास सुटला, त्याने त्या परक्या घराची ओळख करून दिली. खालच्या मजल्यावरची घरमालकीण, माझ्याच वयाची बाई, जिना चढून वर आली, नाक वर करून उभी राहिली आणि एक बोट भांड्याकडे दाखवून डोळे मिटले. कुसुमने तिच्या तळहातावर चमचाभर बेरी साखर घालून ठेवली. त्यानंतर आमच्या दारात रोज कसला ना कसला पाला येऊन पडू लागला; कधी मुळे, कधी कोथिंबिरीसारखी दिसणारी पण कोथिंबीर नसलेली एक जुडी.

शकू म्हणते, आमच्या फोडणीने धुराची घंटा वाजली आणि बंब आला. त्या घरात घंटाच नव्हती. मात्र कढीची गोष्ट खरी आहे, आणि खरे ते मी मान्य करतो. दह्याचा म्हणून जो डबा मी आणला, त्यात गोड व्हॅनिलाचे दही होते. डब्यावर गाईचे चित्र होते, त्यापलीकडे मला वाचता आले नाही. कढीला उकळी फुटली आणि आले-मिरचीच्या वासातून वाढदिवसाच्या केकचा वास येऊ लागला. कुसुम ओट्याला टेकून इतकी हसली की तिला बसावे लागले. “आता काय सांगतं तुमचं कार्ड?” आम्ही ती कढी संपवली. टाकून देणे कार्डात नव्हते.

दुपारी उतारावरच्या बाकावर जाऊन बसायचे, डब्यातून थालीपीठ काढायचे, चटणीत बोट बुडवायचे. समोर गवत कापलेले असायचे आणि त्याचा वास उन्हात तापून आमच्यापर्यंत यायचा. माझे सारे बालपण निफाडच्या बाजूला शेतात गेले. कडब्याचा वास मला ठाऊक आहे. हा वास त्याचा थोरला, सुखवस्तू भाऊ होता. कुसुम पायांतले बूट काढून मोजे घातलेले पाय गवतावर ठेवायची आणि तास तास काही बोलायची नाही. घरी ती कधी गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. तिथेच मला पहिली शंका चाटून गेली.

तिचे मनगटी घड्याळ हे त्या शंकेचे मूळ. तिने ते तिकडच्या वेळेला लावलेच नाही. त्या दिवसांत तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. मी माझे घड्याळ विमानतळावरच बदलले होते. तिच्या मनगटावर मात्र नाशिक चालू होते. न्याहारीच्या वेळी ती घड्याळ बघून म्हणायची, “भाजीवाला येऊन गेला असेल.” दुपारच्या बाकावर म्हणायची, “नळाला पाणी आलं असेल आता.” एकदा मला राहवले नाही.

“करमत नाही का तुला इथं?”

“असं का विचारता?”

“सारखी घड्याळात बघतेस. घरचं.”

तिने मनगट माझ्यापुढे धरले. तिकडचे सकाळचे आठ वाजले होते. तिच्या घड्याळात साडेअकरा. “बघा ना,” ती म्हणाली, “तिकडं सगळ्यांची सकाळ संपली. आपल्याकडं अजून अख्खी शिल्लक आहे.”

मी ते हसण्यावारी नेले. माणूस दुखावू नये म्हणून बायका असे काहीतरी बोलतात, असे मला वाटले.

संकष्टीच्या दिवशी सकाळी मी घरमालकिणीला चंद्राविषयी विचारले. माझे इंग्रजी तिला कळेना, तेव्हा मी हवेत गोल काढला, हात जोडले, मग रिकामे ताट दाखवले. तिने पाठीमागच्या डोंगराकडे बोट केले आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपेची खूण केली. म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर, आणि तोही डोंगराने वर सोडला तर. मी वर येऊन कुसुमला तसे सांगितले. आणि मी काय म्हणालो, ते जसेच्या तसे लिहितो, कारण खटला त्यावर आहे. मी म्हणालो, “थांबायचं तर थांबू. भाजी मी नंतर करतो. मीही जेवत नाही.”

ती साबुदाणा परतत होती. तिने झारा खाली ठेवला, माझे कार्ड घेतले, पेन्सिल घेतली आणि वेळेच्या रकान्यात काहीतरी लिहिले. कॅलेंडरचे ते पान ती घरूनच फाडून घेऊन आली होती. त्यावर गावोगावचे चंद्रोदय छापलेले असतात. तिने नाशिकचा पाहिला होता.

“इथला चंद्र इथल्या लोकांचा,” ती म्हणाली. “आपल्या गच्चीवर यायचा तो आपला. आभाळ भरून आलं की घरीसुद्धा आपण कॅलेंडर बघूनच सोडतो ना उपास? तसंच धरायचं.”

“पण इथं तेव्हा ऊन असेल.”

“असू दे. गणपतीला चालतं. तुम्हाला चालत नसेल तर डोळे मिटा.”

तिच्या घड्याळात दहा वाजून एकवीस मिनिटे झाली तेव्हा आमच्या खिडकीत पिवळे, तिरपे, भरघोस ऊन होते. तिने पूर्वेकडे तोंड केले. तिच्यासमोर चंद्र नव्हता. भांड्यांचे कपाट होते. त्या कपाटाला तिने अर्घ्य दिले, मोदकांवरून पाणी फिरवले आणि हात जोडले. मग आम्ही दोघे त्या दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसलो. तुपाची धार मोदकावर पडली तेव्हा तीत ऊन शिरले आणि ती क्षणभर काचेची झाली. बाहेर कुणीतरी गवत कापत होते. “आत्ता आपल्या गच्चीवर चांदणं पडलं असेल,” ती म्हणाली, “आणि आपण इथं उन्हात जेवतोय. दोन्ही आपलंच.” भाजी गरम होती, हे मी नमूद करतो.

परतल्यावर दोन गोष्टी झाल्या आणि त्या दोन्ही शकूने पुरावा म्हणून जपून ठेवल्या आहेत. कुसुमने ओट्यासमोरचे ते सव्वीस वर्षांचे चित्र काढून टाकले. आणि मनगटावरचे घड्याळ उतरवून त्या मोकळ्या झालेल्या खिळ्याला अडकवले, ते पुन्हा हातात घातले नाही. मी एकदा पाणी प्यायला आत गेलो, त्या घड्याळाकडे नजर गेली आणि वेळ साफ चुकलेली दिसली. “सेल संपलेला दिसतो. बदलून आणू का?” असे मी विचारले. ती पोळी लाटीत होती. “राहू द्या,” ती म्हणाली. “मला कळतं त्याचं.” मी पाणी पिऊन बाहेर आलो. आयुष्यभर मिनिटामिनिटाचे नियोजन केलेला मी, चार पावलांवरच्या घड्याळाचे दोन काटे नीट वाचायला थांबलो नाही.

ती गेली त्याला आता दोन वर्षे होतील. तिच्या मागे शकूने साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. “ताईचं घड्याळ तेवढं द्या,” म्हणाली. मी खिळ्यावरून काढून दिले. खिळा अजून तिथे आहे. मी आता स्वतःच रांधतो. सोमवारचे कार्ड, मंगळवारचे कार्ड. सगळे प्रमाण दोघांचे आहे. मी ते निम्मे करतो, आणि निम्मे केलेल्या भाजीला का कोण जाणे, पूर्वीची चव येत नाही. तव्यावर पोळी टाकली की माझीही मान वर जाते. समोर भिंत असते. तिथे सव्वीस वर्षांच्या धुराने एक चौकोन पांढरा ठेवला आहे.

तर गेल्या रविवारचा प्रसंग. शकूचे कीर्तन रंगात आले होते. मी डबा उघडला, संकष्टीचे कार्ड शोधून काढले आणि सईपुढे ठेवले. वेळेच्या रकान्यात माझ्या शाईच्या अक्षरांखाली कुसुमच्या पेन्सिलीत होते : “१०.२१ आपला.” आणि कंसात, लहान अक्षरांत, इथे ६.५१.

“हे माझं अक्षर आहे?” मी विचारले. “सांग, शकुंतलाबाई.”

“अक्षर ताईचं. डोकं तुमचं,” शकू म्हणाली. “तुम्ही सांगितलं, तिनं लिहिलं. जन्मभर तेच केलं तिनं.” मग ती सईकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. “मन नव्हतं गं लागलं तिचं तिकडं. आल्या आल्या चित्र काढून टाकलं, हातातलं घड्याळसुद्धा टांगून ठेवलं. ते तरी धड होतं का? मी नेलं तेव्हा भलतीच वेळ दाखवत होतं. कॅम्पातल्या घड्याळजीकडं टाकलं. तर तो दुसऱ्या दिवशी म्हणतो कसा, मावशी, याला काही झालेलं नाही. सेल चांगलाय, मशीन चांगलंय, रात्रभर ठेवून बघितलं तर मिनिटाचा फरक नाही.”

“मग वेळ का चुकत होती?” सईने विचारले.

शकूने मनगटावरचे ते घड्याळ सहज फिरवले. तिला आपण काय बोलतो आहोत याची कल्पना नव्हती.

“चुकत नव्हती म्हणे. कुणीतरी हातानंच लावून ठेवलेलं, साडेतीन तास मागं.”